सहाशे बारा चिठ्ठ्या

२ सप्टेंबर

वरच्या शाळेतला पहिला दिवस. शिक्षकखोलीतल्या कपाटाचा एक खण मला मिळाला, तोही अर्धा. उरलेल्या अर्ध्यात प्रयोगशाळेच्या सरांची छत्री आणि बूट आहेत.

उतारावरची आमची शाळा बंद झाली आणि मुलं इथे आणून ओतली, त्याला आज बरोबर पाच आठवडे झाले; माझी नेमणूक मात्र आजपासून. सतरा वर्षं मी तिथली मुख्याध्यापिका होते. इथे गणिताची शिक्षिका आहे, इयत्ता सातवी ते नववी. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एका वाक्याबद्दल आहे. आमची शाळा ठेवायची की बंद करायची ते ठरवणाऱ्या समितीपुढे इथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी, म्हणजे बाईसाहेबांनी, लेखी दिलं होतं: "खालची शाळा मुलांसाठी नव्हे, एका बाईच्या अहंकारासाठी चालू आहे." मी तो कागद पाहिला आहे. ते वाक्य मला पाठ आहे, स्वल्पविरामासकट.

आज त्याच बाईसाहेबांनी मला खोलीत बोलावून गोड आवाजात सांगितलं, "आपल्या मुलांचं एकमेकांशी जमत नाहीये. नळावर रोज मारामाऱ्या होतात. चार हाऊस करू या. लाल, हिरवं, निळं, पिवळं. वरची-खालची सगळी मिसळून. हे काम तुम्ही करा."

"मीच का?"

"तुम्हाला वेळ आहे," त्या म्हणाल्या.

मी "बरं" म्हटलं. बाहेर येऊन जिना उतरताना लक्षात आलं की बाईसाहेबांनी सुरी माझ्या हातात मुठीकडून दिली आहे.

५ सप्टेंबर

वरची चारशे एक्याऐंशी, आमची एकशे एकतीस. एकूण सहाशे बारा. प्रत्येक हाऊसला एकशे त्रेपन्न, बाकी शून्य.

सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या आहेत. कात्री चालवायला आमचे हे बसले. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून यांचा हात इतका सरळ झाला आहे की पट्टी लागत नाही. म्हणाले, "डब्यात घालून हलव, एकेक काढ. तासाभराचं काम."

मी म्हटलं, "डब्यात घालणार नाही."

यांनी कात्री खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पण विचारलं काही नाही. तीस वर्षांत विचारायचं कधी नाही, एवढं शिकले आहेत.

८ सप्टेंबर

यादी झाली. इथे खरं लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

पिवळं हाऊस माझं. त्यात आमच्या खालच्या शाळेची रत्नं: पळणारी बारा होती, त्यातली दहा घेतली. (दोन घेतली नाहीत, नजरेत भरू नये म्हणून.) पाढे तोंडावर असलेली सगळी. गाणारी दोघं. वरच्या शाळेतलीही चांगली घेतली, पण कोपऱ्यातली, जी कुणाच्या टोळीत नव्हती. वरच्यांच्या टोळ्या मात्र शोधून शोधून फोडल्या. नववीतली मागच्या बाकावरची सात जणांची टोळी आहे, तिची म्होरकी एक ताडमाड उंच मुलगी. सातांना चार हाऊसमध्ये असं विखुरलं की डबा खायलाही दोघांपेक्षा जास्त एकत्र बसू नयेत. बाईसाहेबांच्या लाडक्यांना जरा कळू दे, आपल्या माणसांतून उचलून दुसरीकडे टाकलं की कसं वाटतं ते.

आणि आमच्यातली जी जिंकून देणार नाहीत, ती निळ्याला दिली. निळं भूगोलच्या सरांकडे आहे. वय सत्तावीस, शर्टाचं एक बटण कायम उघडं. त्यांना काय, पृथ्वी गोल आहे एवढं सांगितलं की संपलं.

मार्चमध्ये वार्षिक समारंभ आहे. समिती पहिल्या रांगेत असेल. पिवळं जिंकेल, जिंकलेल्या हाऊसच्या प्रमुखाला दोन शब्द बोलायला देतात. माझे दोन शब्द तयार आहेत.

मुलांना सांगितलं, चिठ्ठ्या टाकल्या, जे नशिबात आलं ते.

९ सप्टेंबर

यादी लागली. उंच मुलगी जिन्यात रडली. मी मुद्दाम त्या जिन्याने गेले.

मधल्या सुट्टीत मोठी आली. मोठी म्हणजे आमच्या शाळेतल्या दोन बहिणींतली थोरली, आठवीत आहे, पळते हरणासारखी आणि गणित तर मीच घडवलेलं. तिला मी पिवळ्याची कप्तान केलं आहे. धाकटीला आम्ही सगळे 'सावकाश' म्हणतो. वाचताना प्रत्येक अक्षराला विचारून पुढे जाते. सहावीत आहे. खालच्या शाळेत दोघी एकाच वर्गखोलीत बसायच्या, मधे नुसता पडदा होता.

मोठी म्हणाली, "बाई, धाकटी निळ्यात गेली."

"हो. चिठ्ठी तशी निघाली."

"तिला आपल्यात घेता येईल का? माझ्याबदली दुसरं कुणी... नाही, म्हणजे तिच्याबदली दुसरं कुणी द्या."

"एकीसाठी बदललं तर सगळे येतील. नियम म्हणजे नियम."

ती "हो बाई" म्हणाली आणि गेली. शहाणी मुलगी आहे. जिंकल्यावर तिलाच कळेल.

२१ सप्टेंबर

पहिली स्पर्धा, धावण्याची. पिवळं पहिलं, दुसरं, तिसरं. निळं शेवटचं. बाईसाहेब टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या शाळेची मुलं हरत होती आणि त्या टाळ्या वाजवत होत्या, यालाच म्हणतात सराईत.

१४ ऑक्टोबर

गुणफलक: पिवळं २१०, लाल १३५, हिरवं १२०, निळं ४०.

निळ्याचे सर वेडे आहेत. स्पर्धेची तयारी सोडून पोरांना डबे घेऊन एका खोलीत बसवतात, दोन पाळ्यांत, कारण सगळी मावत नाहीत. मी विचारलं, "याचे गुण कुठल्या रकान्यात मांडायचे?" ते हसले. म्हणाले, "मॅडम, आमचा रकाना तसाही रिकामाच आहे."

सावकाशला त्यांनी काम दिलंय, निळ्यातलं कोण गैरहजर आहे ते लिहून ठेवायचं. सकाळी ती एकेका वर्गाच्या दारात उभी राहते, बोट फिरवत नावं शोधते. शिक्षक वैतागतात. दुसऱ्या दिवशी जो आला नव्हता त्याच्यापाशी जाऊन विचारते, "काल का नव्हतास?" उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

हजेरी घेऊन कप मिळत नाही. पण बरं आहे, सरांनी असंच चालू ठेवावं.

६ नोव्हेंबर

आज एक त्रासदायक गोष्ट दिसली. नळावर मारामारी होत नाही. आठवडा झाला, एकही नाही. मला वाटलं होतं, निदान एक-दोन वरच्यांची नाकं फुटतील आणि बाईसाहेबांना पालकांपुढे उत्तरं द्यावी लागतील. पण आता नळापाशी हाऊसप्रमाणे रांगा लागतात. लालमधल्या आमच्या एका पोराला कुणीतरी "खालचा" म्हणालं, तर वरच्याच चार लाल पोरांनी त्या म्हणणाऱ्याला घेरलं. "आमच्या हाऊसच्याला बोलायचं नाही."

आमच्या हाऊसचा म्हणे. तो माझ्या शाळेचा आहे. पहिलीपासून मी त्याचं नाक पुसलंय.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे तुझं काम चांगलं चाललंय."

"माझं काम हे नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि काचा पुसत बसले. यांचं "बरं" कधी कधी कानाखाली वाजवल्यासारखं लागतं.

२७ नोव्हेंबर

पिवळ्याची बैठक. मी म्हटलं, आपली आघाडी दीडशेची आहे, पण ढिलाई नको. मागे एकजण म्हणाला, "बाई, कंटाळा आला. आपणच जिंकतो दर वेळी." मी त्याला बाहेर उभं केलं.

मोठी हल्ली डबा निळ्यांच्या खोलीत जाऊन खाते, असं कळलं. कप्तानाने असं करू नये, हे तिला सांगितलं. "हो बाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच.

१९ जानेवारी

तोंडी गणिताची स्पर्धा. ही मी ठरवली, गुणही मीच दुप्पट ठेवले. प्रत्येक हाऊसमधून पाळीने मुलं येणार, एका मिनिटात फळ्यावर उदाहरण सोडवायचं. हुशारांनाच पाठवता येऊ नये म्हणून पाळी. आमच्याकडे पाळीनेही हुशारच येतात, तो भाग वेगळा.

निळ्याची पाळी आली तर सावकाश.

घड्याळ माझ्या हातात होतं. भागाकार तीन आकडी होता. तिने खडू उचलला, तो मोडला, मोडलेला तुकडा उचलून फळीवर नीट ठेवला, मग लिहायला लागली. मिनिट संपलं. मी म्हटलं, "वेळ संपली. शून्य."

तिला ऐकू आलं नसावं. ती लिहीतच राहिली. पुढचं बोलवायला मी तोंड उघडलं, तर निळ्यांच्या बाजूने ती उंच मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, शून्य लिहा. पण तिचं होऊ दे."

सगळं निळं हाऊस गप्प बसून होतं. हसणं नाही, कुजबुज नाही. चार मिनिटं आणि काही सेकंद लागली. उत्तर बरोबर आलं. बाकीसकट.

मी शून्य मांडलं. नियम म्हणजे नियम. शून्य जरा वाकडं आलं, दुपारी चहा जास्त झाला होता.

उंच मुलगी आणि सावकाश हात धरून जागेवर गेल्या. या मुलीला मी टोळीतून तोडून निळ्यात टाकली होती, शिक्षा म्हणून.

२ फेब्रुवारी

नववीला संभाव्यता सुरू केली. नाणं, फासा, पत्ते. मोठी आठवीतली, पण तिला पुढचं शिकायची हौस आहे, म्हणून शाळा सुटल्यावर अर्धा तास तिलाही शिकवते. फार पटकन घेते. अशी विद्यार्थिनी दहा वर्षांत एखादी मिळते.

१२ मार्च

जिंकलो. पिवळं ९४०, लाल ७१५, हिरवं ६९०, निळं ३०५.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत समिती, बाईसाहेब मधोमध. मोठीने कप घेतला. मला माइक दिला. सहा महिने घोटलेलं वाक्य होतं: "ही मुलं त्या शाळेची आहेत, जी फक्त एका बाईच्या अहंकारासाठी चालू होती." त्याआधी ती मुलं उभी करायची, म्हणजे समितीने तोंडं बघावीत. म्हणून मी म्हटलं, "खालच्या शाळेतून आलेल्या मुलांनी उभं राहावं."

पिवळ्यातली माझी उठली. लाल-हिरव्यातली उठली. निळ्यातली उठली. सावकाशला उठायला वेळ लागला, ती रांगेत आतल्या बाजूला होती. तिला वाट द्यायला उंच मुलगी उठली आणि उभीच राहिली. मग तिच्या शेजारची उठली. मग ती अख्खी रांग, आणि मागची. भूगोलचे सर भिंतीला टेकून होते, त्यांनी खूण वगैरे काही केली नाही, मी बघत होते. निळं सगळं उभं राहिलं म्हटल्यावर लाल कशाला बसेल. मग हिरवं. शेवटी माझं पिवळं.

सहाशे बारा मुलं उभी. मी माझी एकशे एकतीस शोधत होते. वरचं कोण, खालचं कोण, मला ओळखू येईना. मी, जिने त्यांची नाकं पुसली.

समितीतल्या एका गृहस्थांना वाटलं, प्रार्थना आहे. तेही उठले.

वाक्य तसंच राहिलं. मी म्हटलं, "बसा." टाळ्या कडाडल्या. बाईसाहेब डोळे पुसत होत्या. अशा वेळी रडायचंही त्यांना बरोबर जमतं.

सहा महिन्यांची मेहनत. एका शब्दावर गेली.

१३ मार्च

शाळा सुटल्यावर मोठी थांबली. वहीचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "बाई, हे तपासाल?"

बारकं, स्वच्छ अक्षर. बारा पळणारे, चार हाऊस. बारातले निदान दहा पिवळ्यात निघण्याची शक्यता. उत्तर: साधारण साडेसव्वीस हजारांत एक.

मी पायऱ्या तपासल्या. काय करणार, सवय. म्हटलं, "पिवळंच का धरलंस? कुठल्याही एका हाऊसमध्ये दहा निघाले असते तरी तुला तो प्रश्न पडला असता. चारने गुण."

तिने गुणलं. "साडेसहा हजारांत एक. तरीसुद्धा, बाई."

"तरीसुद्धा," मी म्हटलं.

"चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या ना?"

"नाही."

"मग धाकटीला तुम्हीच निळ्यात टाकलं."

मी हो म्हटलं. का, तेही सांगितलं: जिंकायचं होतं, आणि तिच्याने ते झालं नसतं. एखाद्या मोठ्या माणसाला मी हे सांगितलं नसतं. पण जिने इतक्या नीट पायऱ्या मांडल्या, तिच्यापुढे खोटं बोलायचं कसं.

तिने वही मिटली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. ते मला जास्त लागलं. म्हणाली, "पहिल्या दिवशी ती घरी आली आणि आईला म्हणाली, बाईंनी मला निवडून निळ्यात पाठवलंय. तिथली मुलं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं होतं. मी म्हटलं, अगं, चिठ्ठी होती ती. तर म्हणाली, बाई चिठ्ठ्या टाकत नाहीत, बाईंना सगळं माहीत असतं." वही दप्तरात टाकत म्हणाली, "तिचं बरोबरच निघालं. अर्धं. उरलेलं अर्धं तिला सांगू नका."

"नाही सांगणार."

"आणि कप्तान मला पुढच्या वर्षी नको."

कप तिने शिक्षकखोलीत, माझ्या अर्ध्या खणात ठेवून दिला होता. तिथे मावत नाही. दार लागत नाही आता.

१५ मार्च

बाईसाहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. पश्चात्ताप वगैरे नव्हे. दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच तोंडावर सांगावं, एवढंच. शिवाय कशासाठी केलं तेही त्यांनी ऐकायला हवं होतं. ते वाक्य मी त्यांना म्हणून दाखवलं, स्वल्पविरामासकट.

त्या म्हणाल्या, "यादी मी पहिल्या आठवड्यातच वाचली होती."

"मग थांबवलं का नाही?"

"नववीच्या त्या टोळीला मी तीन वर्षं फोडू शकले नव्हते. तुम्ही आठ दिवसांत फोडलीत. आणि खालच्या मुलांत कुणाला कुणाबरोबर ठेवलं की तो रडत नाही, हे त्या यादीत दिसत होतं. मला ते कधीच जमलं नसतं."

"ते मी त्यासाठी केलं नव्हतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते वाक्य मी मागे घेणार नाही. मला तेव्हा तसंच वाटत होतं. आजही थोडं वाटतं."

मग पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांची यादी माझ्यापुढे सरकवली. चौऱ्याण्णव नावं. "या वेळीही तुम्हीच करा."

म्हणजे माझा सूडसुद्धा या बाईने कामाला लावला. यादी घेतली आणि आले.

घरी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "त्या बाईला तू आवडतेस बहुतेक." जेवताना मी यांच्याशी बोलले नाही.

माफ केलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला विसर पडायला नको.

१८ मार्च

मधल्या सुट्टीत सावकाश आली. हातात तिची गैरहजेरीची वही. दारात उभी राहून आधी वर्गाच्या पाटीवरची सगळी अक्षरं वाचून घेतली, मग आत आली.

"बाई, काम झालं."

"कुठलं काम?"

"तुम्ही मला पाठवलं होतं ते." वहीचं शेवटचं पान उघडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. समोर काही नाही. "निळ्यातलं कुणीच गैरहजर नाही. तीन दिवस. सगळे येतात आता."

मी पान पाहिलं. आधीची पानंही पाहिली. सप्टेंबरमध्ये रोज वीस-बावीस नावं होती. एका मुलापुढे लिहिलं होतं, 'बूट नव्हते.' खाली दोन दिवसांनी, 'सरांनी दिले.' एका मुलीपुढे, 'इथे कुणी बोलत नाही म्हणाली.' खाली, 'आता मी बोलते.' ती मुलगी वरच्या शाळेची होती. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं. मी पेन काढला होता, पण दुरुस्त काही केलं नाही.

"फार चांगलं काम केलंस," मी म्हटलं.

"मग आता एक विचारू?"

मला वाटलं, ताईकडे पिवळ्यात येऊ का, असं विचारणार. मी मनात ठरवूनही टाकलं, द्यायचं. सगळे आले बदलून मागायला तरी चालेल.

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. मी थांबले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी थांबले.

"ताईला निळ्यात घेता येईल का?" ती म्हणाली. "ती तिकडे जिंकत असते, पण एकटी असते."

माझी कप्तान. माझं हरीण. ती आता निळ्याची होणार, आणि पुढच्या वर्षी पिवळं धावण्यात धूळ खाणार.

म्हटलं, "हाऊस बदलायचं तर मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी लागते. मी विचारते."

ती "बरं" म्हणाली आणि वर्गाकडे निघाली. उशीर झाला होता, पण पळाली नाही.

म्हणजे उद्या मला त्या बाईकडे काहीतरी मागायला जावं लागणार. आयुष्यात पहिल्यांदा. मागेन. पण त्या खुर्ची दाखवतील, तर बसणार नाही. उभ्यानेच मागेन.